नव्या समाजमाध्यमाची जोपासना : प्रयोग, सोयी आणि वापरणाऱ्याचा हक्क

बारामती तालुक्याच्या पश्चिम भागात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर फुललेला सोमेश्वरनगरचा परिसर हा प्रामुख्याने ऊसकऱ्यांचा आहे. श्री सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वाघळवाडी, निंबूत, करंजे आदी गावांचे अर्थजीवन गुंफले गेले आहे. पूर्वेस इंदापूर तालुक्यापर्यंत हीच परिस्थिती आढळते. या पट्ट्यातील गावांत गेल्या काही वर्षांत स्मार्टफोनचा प्रसार झपाट्याने झाला. कालव्याचे आवर्तन, तोडीची पाळी, बाजारभाव, लग्नपत्रिका, दुःखद वार्ता या साऱ्यांची देवघेव आता मोबाइलवरील समाजमाध्यमांतून होऊ लागली आहे. त्याचबरोबर तालुक्याच्या ठिकाणी संगणकशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांपैकी काही जण आपणही असे एखादे ॲप उभारावे, अशी उमेद बाळगू लागले आहेत.

अशी ॲप वाढतात कशी, त्यांतील सोयी वारंवार का बदलतात, आणि या बदलांमागे जे प्रयोग केले जातात त्यांत वापरणाऱ्याचे स्थान कोणते, हे प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांपुरते उरलेले नाहीत. ज्याच्या हाती मोबाइल आहे, तो प्रत्येक जण या प्रयोगांत कळत नकळत सहभागी आहे. त्यांची कार्यपद्धती सोप्या भाषेत समजावून देणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रयोगाची पद्धत शेतातूनच आली

ॲप तयार करणाऱ्या कंपन्या ज्या प्रयोगपद्धतीचा अवलंब करतात, तिचा जन्म शेतीच्या प्रक्षेत्रावर झालेला आहे, ही गोष्ट ऊसकऱ्यांना निश्चितच जवळची वाटेल. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. अमुक खताने पीक वाढले असे म्हणताना ती वाढ खताची, की मुळातच कसदार असलेल्या जमिनीची, हे कसे ठरवावयाचे, असा प्रश्न त्यांच्यासमोर होता. शेताचे लहान वाफे पाडावेत, कोणत्या वाफ्यास कोणते खत द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोपवावे, आणि तोच प्रयोग अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा करावा, असा मार्ग त्यांनी दाखविला. या विचाराची सविस्तर मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या देशात शेतीक्षेत्रातील संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. काही निवडक वाफ्यांतील पिकाची कापणी करून सबंध जिल्ह्याच्या उत्पन्नाचा विश्वसनीय अंदाज काढण्याची पद्धत देशात रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

सोमेश्वरनगरहून नीरा नदी ओलांडली की फलटण तालुक्यातील पाडेगाव लागते. तेथील मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ साली स्थापन झाले व आज ते महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. को ८६०३२, म्हणजे 'नीरा' हा वाण, अथवा 'फुले २६५' हा वाण शेतकऱ्याच्या बांधावर येण्यापूर्वी त्यास तुल्य वाणाशेजारी वर्षानुवर्षे परीक्षा द्यावी लागली. लागणीचे पीक कसे आले, खोडवा कसा फुटला, टनेज किती भरले, उतारा किती पडला, या सर्व बाबींची नोंद झाल्यावरच शिफारस करण्यात आली. नव्या ॲपची वाढ समजून घेण्यास हाच अनुभव उत्तम वाटाड्या ठरतो.

आरंभीची अडचण

बियाणे चांगले असेल तर एकट्या शेतकऱ्याच्या रानातही ते उगवते. समाजमाध्यमाचे तसे नाही. गावात एकाच घरी टेलिफोन असेल, तर त्याचा उपयोग शून्य होय. दहा जणांजवळ तो असेल तर परस्परसंभाषणाच्या ४५ जोड्या संभवतात आणि शंभरांजवळ असेल तर ४,९५० जोड्या संभवतात. माणसे दहापट झाली, परंतु संबंधांची शक्यता शंभरपटीहून अधिक वाढली. वाढलेल्या समाजमाध्यमाची ताकद यात आहे, आणि नव्या समाजमाध्यमाची दुर्बलताही यातच आहे. माणसे नाहीत म्हणून उपयोग नाही आणि उपयोग नाही म्हणून माणसे येत नाहीत, असे हे दुष्टचक्र असते.

या अडचणीवर मात करण्याचा मार्ग सहकारी दूध संस्थांना परिचित आहे. नवा दूध संघ सबंध तालुक्यात एकदम विखुरलेले संकलन सुरू करीत नाही. एखाद्या गावात पुरेसे दूध गोळा होऊ लागले की मगच पुढच्या गावाचा विचार होतो. फेसबुकने हेच केले. ४ फेब्रुवारी २००४ रोजी ते सुरू झाले, तेव्हा केवळ हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाच त्यात प्रवेश होता. एका आवारातील बहुतेक विद्यार्थी परस्परांशी जोडले गेल्यावर कोलंबिया, स्टॅनफर्ड व येल या विद्यापीठांची पाळी आली. तेरा वर्षांवरील सर्वांना त्याची दारे खुली झाली ती सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळाने. देशभर विखुरलेल्या लाखभर अनोळखी माणसांपेक्षा एकमेकांस ओळखणारे एका गावातील दोनशे लोक नव्या समाजमाध्यमास अधिक उपयुक्त ठरतात, असा याचा अर्थ आहे.

लागण आणि खोडवा

नव्या ॲपची प्रगती मोजताना सर्वसाधारणपणे एकच आकडा पुढे केला जातो. तो म्हणजे किती लोकांनी ते मोबाइलमध्ये घेतले. हा आकडा फसवा असतो. जाहिरात केली, बक्षीस ठेवले, मित्रास बोलावल्याबद्दल काही रक्कम देऊ केली, की तो वाढतो. परंतु आलेली माणसे टिकली काय, हा खरा प्रश्न असतो.

ऊसकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर नवे सभासद ही लागण आणि टिकलेले सभासद हा खोडवा होय. लागणीस बेणे, मशागत, मजुरी असा मोठा खर्च येतो, तर खोडव्याचा खर्च त्या मानाने कमी असतो. ज्या वाणाचा खोडवा फुटत नाही, तो वाण दरवर्षी नव्याने लावावा लागतो व शेतकऱ्यास परवडत नाही. ॲपचेही तसेच आहे.

समजा, एका ॲपमध्ये दर महिन्यास १,००० नवे लोक येतात आणि प्रत्येक तुकडीपैकी निम्मे लोक दर महिन्यास गळून जातात. सहा महिन्यांत ६,००० लोक आले, असे संस्थापक अभिमानाने सांगेल. प्रत्यक्षात सहाव्या तुकडीचे १,०००, पाचवीचे ५००, चौथीचे २५० याप्रमाणे बेरीज केली, तर जेमतेम १,९७० माणसे उरलेली दिसतील. पुढे कितीही महिने गेले तरी ही संख्या २,००० च्या वर जाणार नाही. फुटक्या पाटातून कितीही पाणी सोडले तरी शेवटच्या सरीला ते पोहोचत नाही, तशातलाच हा प्रकार आहे.

यास्तव जाणकार मंडळी प्रत्येक महिन्याच्या तुकडीची नोंद स्वतंत्र ठेवतात. जानेवारीत आलेल्यांपैकी फेब्रुवारीत किती उरले, मार्चमध्ये किती उरले, असे पाहिले जाते. काही काळाने गळती थांबून एक ठराविक हिस्सा स्थिर राहू लागला, तर त्या ॲपने कोणाची तरी खरी गरज भागविली असे समजावयास हरकत नाही. तो हिस्सा शून्याकडेच जात असेल, तर जाहिरातीवरील खर्च तत्काळ थांबवून मूळ सोयीचाच फेरविचार करणे श्रेयस्कर ठरते.

योजना एक, उपयोग दुसरा

आरंभीच्या काळात सोयी बदलतात त्याचे दुसरे कारण असे, की लोक एखाद्या साधनाचा उपयोग निर्मात्याच्या कल्पनेप्रमाणेच करतील असे नसते. व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघाले ते संदेश पाठविण्यासाठी नव्हे. आपण सध्या कामात आहोत, प्रवासात आहोत, अशी स्वतःची स्थिती आपल्या नावापुढे दाखविणे एवढाच त्याचा मूळ उपयोग होता. ही स्थिती बदलताच परिचितांच्या फोनवर सूचना वाजू लागल्या. लोकांनी या सूचनांचाच उपयोग एकमेकांस निरोप देण्यासाठी सुरू केला. निर्मात्यांनी हे ओळखले आणि निरोपांची सोय मुख्य केली.

आपल्या देशातील शेअरचॅट या समाजमाध्यमाचा इतिहास मराठी वाचकांना विशेष उद्बोधक वाटेल. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या अंकुश सचदेव, भानु प्रताप सिंह व फरीद अहसान या तरुणांनी त्याची स्थापना केली. त्यापूर्वी त्यांनी हाती घेतलेले अनेक प्रकल्प फसले होते. समान आवडीनिवडीच्या अनोळखी लोकांना व्हॉट्सॲपवरील गटांत सामील होण्याची उत्सुकता आहे आणि त्यांना आपल्या मातृभाषेतील मजकूर हवा आहे, हे निरीक्षण त्यांच्या उपयोगी पडले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शेअरचॅट सुरू झाले. त्या वेळी त्यात हिंदी, मराठी, मलयाळम व तेलुगू या चार भाषा होत्या, आणि इंग्रजी नव्हती. प्रारंभी लोकांनी तयार मजकूर घ्यावा आणि व्हॉट्सॲपवर पाठवावा, एवढीच सोय होती. एप्रिल २०१६ पासून लोकांना स्वतःचा मजकूर तयार करून प्रसिद्ध करण्याची मुभा मिळाली आणि वाटपाच्या साधनाचे समाजमाध्यमात रूपांतर झाले.

मातृभाषेची सोय ही येथे शोभेची बाब नव्हती, तर वाढीचे मुख्य कारण होती. इंग्रजी न येणाऱ्यास इंग्रजी पडद्यापुढे जो संकोच वाटतो, तो दूर झाल्याबरोबर तो केवळ वाचक न राहता लिहू व बोलू लागला.

वारणेचा धडा

सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात असा प्रयोग पूर्वीच होऊन गेला आहे, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. वारणा समूहातील सहकारी संस्थांच्या क्षेत्रातील सुमारे ७० गावांना संगणकाच्या जाळ्याने जोडावे आणि शेतकऱ्यास बाजारभाव, पीकविषयक सल्ला, शासकीय माहिती गावातच मिळावी, असा व्यापक हेतू त्यामागे होता.

अनुभव असा आला, की संगणकांचा प्रत्यक्ष उपयोग प्रामुख्याने उसाशी निगडित व्यवहारांच्या मर्यादित माहितीसाठीच होत राहिला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी तेथे आठ महिन्यांची चाचणी घेतली. सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांद्वारे तीच माहिती शेतकऱ्यास देण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार संगणकावरील सर्व कामे मोबाइलवर पार पडली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक सोयीची व पसंत ठरली.

या प्रयोगाचे मोल मोठे आहे. सोयींची संख्या वाढविल्याने साधन लोकप्रिय होतेच असे नाही. लोकांना नेमके काय हवे आहे हे पाहून तेवढीच सोय त्यांच्या हाती असलेल्या साधनावर देणे, हे बहुधा अधिक परिणामकारक ठरते. तसेच हा धडा मिळण्यासाठी सत्तरही गावांत बदल करावा लागला नाही. सात गावांची चाचणी त्यास पुरेशी झाली.

'अ' आणि 'ब' यांची तुलना

आता प्रत्यक्ष प्रयोगपद्धतीकडे वळू. समजा, एका नव्या ॲपमध्ये पहिल्याच पडद्यावर भाषा निवडण्याची सोय द्यावी की नाही, असा प्रश्न आहे. नव्याने येणाऱ्या लोकांचे दैवयोगाने दोन गट पाडले जातात. 'अ' गटास जुना पडदा आणि 'ब' गटास नवा पडदा दिसतो. बाकी सर्व गोष्टी समान असतात. आठवड्यानंतर दोन्ही गटांतील किती लोक परत आले याची तुलना होते. 'अ' गट म्हणजे तुल्य वाण आणि 'ब' गट म्हणजे नवा वाण, असे समजल्यास घोटाळा होणार नाही.

ही पद्धत दिसावयास सोपी असली, तरी तीत तीन ठिकाणी फसगत संभवते.

पहिली फसगत संख्येची आहे. दोन्ही गटांत शंभर-शंभर माणसे असून 'अ' मधील २० व 'ब' मधील २४ परत आली, तर नवा पडदा सरस ठरला असे म्हणता येणार नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तोच फरक दहा-दहा हजार माणसांत, म्हणजे २,००० विरुद्ध २,४०० असा दिसला, तर मात्र तो योगायोग मानणे कठीण आहे. आरंभीच्या अवस्थेतील ॲपजवळ एवढी माणसे नसतात. म्हणून त्या काळात आकड्यांच्या सूक्ष्म तुलनेपेक्षा वीस-पंचवीस लोकांच्या समोर बसून, ते ॲप कसे वापरतात आणि कोठे अडखळतात हे पाहणेच अधिक फलदायी होय.

दुसरी फसगत शेजारधर्माची आहे. एका वाफ्यास दिलेले खत पाण्याबरोबर शेजारच्या वाफ्यात झिरपते, म्हणून प्रक्षेत्रावर कडेच्या ओळी मोजणीतून वगळतात. समाजमाध्यमात ही झिरप फार मोठी असते. 'ब' गटातील भावास नवी सोय मिळाली आणि त्याने 'अ' गटातील बहिणीस अधिक निरोप पाठविले, तर दोन्ही गटांचे आकडे वाढतात व खरा फरक झाकला जातो. यावर उपाय म्हणून पुष्कळदा एकएकट्या माणसाऐवजी सबंध गाव अथवा सबंध शहर एका गटात घेण्यात येते.

तिसरी फसगत मापाची आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. 'फुले २६५' या वाणाचे टनेज शेतकऱ्यांस आवडले. परंतु हंगामाच्या आरंभी उतारा कमी पडतो म्हणून काही कारखाने त्याविषयी नाखूष होते. वाण एकच, शेतही एकच, मात्र टन मोजणाऱ्याचा निष्कर्ष एक आणि साखर मोजणाऱ्याचा दुसरा. ॲपच्या बाबतीत कंपनी बहुधा माणूस किती वेळ पडद्यासमोर राहिला हे मोजते, कारण तिचे जाहिरातीचे उत्पन्न त्यावर अवलंबून असते. तो वेळ वापरणाऱ्याच्या हिताचा होता काय, त्याचे काम झाले काय, त्याची झोपमोड झाली काय, हे त्या मापात येत नाही. जे मोजले जाते तेच वाढते, हा प्रयोगशास्त्राचा नियम येथे वापरणाऱ्यास महाग पडू शकतो.

राईनपाड्याची दुर्घटना आणि एक सोय

माप चुकल्याचे परिणाम किती भीषण होऊ शकतात, याचे उदाहरण दुर्दैवाने महाराष्ट्रातच घडले. आलेला निरोप एका स्पर्शासरशी अनेकांना पुढे पाठविण्याची सोय ही कोणत्याही समाजमाध्यमाच्या वाढीस पोषकच असते, कारण प्रत्येक पुढे गेलेला निरोप नव्या हालचालीस जन्म देतो. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा याच मार्गाने देशभर पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी भिक्षा मागून उदरनिर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने या संशयावरून ठार मारले.

या आणि देशातील अन्य अशाच घटनांनंतर केंद्र शासनाने व्हॉट्सॲप कंपनीस जाब विचारला. जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली आणि चित्र व ध्वनिचित्रफितीशेजारील जलद पाठवणीचे बटण काढून टाकले. निरोप दुसरीकडून आलेला आहे, हे दर्शविणारी खूणही त्या सुमारास सुरू झाली. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू करण्यात आली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असा निर्बंध आला आणि अशा निरोपांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले.

भारतात आधी लागू झालेला हा निर्बंध पुढे साऱ्या जगाने स्वीकारला. परंतु त्यासाठी मोजावी लागलेली किंमत विसरता येणार नाही. सोय काढून घेतल्याने वाढ मंदावते हे खरे, मात्र ती मंदावणेच कधी कधी समाजाच्या हिताचे असते. जी सोय अफवेसही तितक्याच वेगाने पंख देते, तिची परीक्षा लोकांच्या हाती देण्यापूर्वी व्हावयास हवी होती.

संमतीचा प्रश्न

पाडेगावच्या वाणाची चाचणी शेतकऱ्याच्या रानात घेतली जाते तेव्हा ती त्याला विचारून घेतली जाते. त्याला वाणाचे नाव माहीत असते, पीक फसले तर कोणास विचारावयाचे हेही माहीत असते. समाजमाध्यमावरील प्रयोगांत असे बहुधा घडत नाही.

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांवर एक प्रयोग केला. काहींच्या पडद्यावरून मित्रांच्या आनंदी मजकुराचे प्रमाण कमी करण्यात आले, तर काहींच्या पडद्यावरून दुःखी मजकुराचे. त्याचा परिणाम त्या लोकांच्या स्वतःच्या लिखाणावर होतो काय, हे पाहावयाचे होते. परिणाम झाला, परंतु तो अत्यल्प होता. जून २०१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर टीकेचे वादळ उठले. ज्यांच्या मनःस्थितीशी खेळ झाला, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वापराच्या लांबलचक अटींना दिलेली संमती ही अशा प्रयोगासही संमती मानावी काय, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आला. ज्या नियतकालिकाने ते संशोधन छापले, त्यालाही पुढे चिंता व्यक्त करणारे निवेदन प्रसिद्ध करावे लागले.

आपल्या देशात या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल पडले आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. माहिती गोळा करण्यापूर्वी ती कोणती व कशासाठी हे स्पष्ट शब्दांत सांगणे, संमती मोकळ्या मनाने व समजून-उमजून दिलेली असणे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणे सोपे असणे, ही तत्त्वे त्यात नमूद आहेत. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचावयास मिळण्याची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरविण्यात आली असून, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. गंभीर कसुरीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नव्या उद्योजकांनी आणि वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावयाच्या बाबी

ग्रामीण भागातील ज्या तरुणांना समाजमाध्यमाचे ॲप उभारावयाचे आहे, त्यांच्यासाठी वरील विवेचनातून काही व्यवहार्य सूत्रे निघतात. प्रथम एकाच गावाची अथवा एकाच व्यवसायाची गरज निवडावी. दुग्धव्यावसायिकांची, ऊसतोड वाहतूकदारांची, बचतगटांतील महिलांची अशी एखादी निश्चित गरज पुरेशी आहे. किती जणांनी ॲप घेतले यापेक्षा महिन्यानंतर किती जण उरले याची तुकडीवार नोंद ठेवावी. मराठी ही पुढे कधीतरी जोडावयाची सोय न समजता तिनेच आरंभ करावा. माणसे थोडी असतील तोवर आकड्यांच्या मागे न लागता प्रत्यक्ष भेटी घ्याव्यात. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे परिणाम कोणत्या बदलाचा हे कळेल. प्रत्येक नव्या सोयीबाबत तिचा गैरवापर कोण व कसा करील, हा प्रश्न आधी विचारावा. आणि प्रयोग चालू असल्यास तसे वापरणाऱ्यास त्याच्या भाषेत सांगावे. यामुळे वाढ काहीशी धिमी होईल, परंतु मिळालेला विश्वास टिकाऊ असेल.

वापरणाऱ्यांनीही काही दक्षता घेणे आवश्यक आहे. ॲप घेताना ते फोनमधील नावांची यादी, ठिकाण, छायाचित्रे यांपैकी काय मागते हे पाहावे, आणि कामास आवश्यक नसलेली परवानगी नाकारावी. ती नंतरही फोनच्या सेटिंगमधून काढून घेता येते. वारंवार वाजणाऱ्या सूचना बंद करता येतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना दाखवून द्यावे. मुलांच्या वयाची खोटी नोंद करून त्यांना प्रवेश मिळवून देऊ नये. पुढे पाठविलेला निरोप खरा की खोटा, याची खातरजमा होईपर्यंत तो आपल्यापाशीच थांबवावा. अफवेच्या साखळीतील एक कडी तुटली तरी तिच्यापुढील प्रसार तेथेच खुंटतो.

सहकाराच्या चळवळीने या भागातील शेतकऱ्यास एक मोलाची शिकवण दिली आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर आपला ऊस किती भरला हे पाहण्याचा, आणि वार्षिक सभेत उठून हिशेब विचारण्याचा हक्क सभासदास असतो. समाजमाध्यमाच्या काट्यावर आज आपला वेळ, आपले संबंध आणि आपली माहिती तोलली जात आहे. हा काटा कसा चालतो याची जाण गावोगावी पोहोचली, तर या नव्या साधनाचा लाभ घेतानाच त्याचा हिशेब विचारणारा नागरिकही तयार होईल. ही जाण वाढविण्याच्या कामी शाळा, महाविद्यालये, ग्रामपंचायती, वाचनालये आणि सहकारी संस्था यांना मोठा हातभार लावता येण्याजोगा आहे.